खाजेचा आकडा

३ फेब्रुवारी २०२५

हॉस्पिटलनं आज एक फोन दिला. दिसायला साधा, पण त्यावरून कुणाशी बोलता येत नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तो एकच प्रश्न विचारणार: मुलीला खाजवताना पाहिलंत का? खाली पाच चेहरे. पहिला हसरा, त्याच्या खाली शून्य. शेवटचा रडका, त्याच्या खाली चार. एका चेहऱ्यावर बोट टेकवलं की झालं. जास्तीचं काही लिहायला तिथे जागा नाही, म्हणून ही वही काढली.

खुशी माझी नात, अनुजची मुलगी. येत्या जुलैत पाच वर्षांची होईल. तिच्या यकृतातलं पित्त जिथे उतरायचं तिथे उतरत नाही, रक्तात मिसळतं. डोळे पिवळसर राहतात आणि अंगाला खाज सुटते. पुरळ नाही, गांधी नाहीत. खाज आतून येते, त्यामुळे वरून काही लावून थांबत नाही. कडुनिंब, खोबरेल, कोकमाचं पाणी, सगळं करून झालं. एकेका वेळी इतकं खाजवते की चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात.

डॉ. रीमांनी समजावून सांगितलं. औषध नवीन आहे, बाजारात आलेलं नाही, आधी तपासून पाहताहेत. निम्म्या मुलांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी पूड. कुणाला काय, ते त्यांनाही कळणार नाही. एप्रिलच्या अखेरीस आकडे बघतील. ज्यांची खाज कमी झाली नसेल त्यांना तेव्हा खरं औषध सुरू करतील. ज्यांची कमी झाली असेल त्यांचं जे चालू आहे तेच वर्षभर चालेल.

“आणि खऱ्या औषधानंही फरक नाही पडला तर?” नेत्रानं विचारलं. नेत्रा माझी सून.

तर ऑपरेशन. पोटाला छेद देऊन पित्त बाहेर काढायचं, बाहेर पिशवी लावायची, ती कायम. हे खुशीसमोर बोलायला नको होतं. पण ती माझ्या मांडीवर बसून फोनवरचे चेहरे बघत होती, तिचं लक्ष नव्हतं.

आकडा एकाच माणसानं भरायचा, असं तिथल्या सलोनीनं सांगितलं. ती या सगळ्या मुलांच्या घरच्यांशी संपर्क ठेवते. अनुज बोटीवर, ऑगस्टशिवाय येणार नाही. नेत्राची बँक मुंबईला, ती निघते तेव्हा खुशी झोपलेली असते आणि येते तेव्हाही पेंगुळलेली. म्हणजे मीच.

आजचा आकडा चार.

५ फेब्रुवारी

पहिली पुडी पिकल्या वेलची केळ्यात कुस्करून दिली. खाल्ली.

मी फोन घेऊन ओट्यावर बसले तर हे वाडीतून येऊन म्हणाले, “काय, आज ओपन काय आला? लावायचे असतील तर सांग, मी पण लावतो.”

मी म्हटलं, मटका नाही हा. म्हणाले, “निम्म्यांना औषध, निम्म्यांना चुना. मग दुसरं काय आहे?”

यांना सगळ्याची थट्टा. पण खुशीची नखं एक दिवसाआड तेच कापतात, कलम करतात तितक्या हलक्या हातानं.

१३ फेब्रुवारी

आकडा चार आणि तीन, आलटून पालटून. पूड सुरू झाल्यावर पोट बिघडेल असं सलोनीनं बजावलं होतं, बहुतेक मुलांचं बिघडतं म्हणे. खुशीचं अजिबात बिघडलं नाही. औषध छान मानवलं तिला.

चार भरताना मला बरं वाटत नाही. भरून झालं की देवघरात जाऊन जरा बसते. खुशी दारातून बघत असते. तिला म्हटलं, आजीच्या डोळ्यात अगरबत्तीचा धूर गेला.

१८ फेब्रुवारी

मोगरा सुरू झाला. या वर्षी कळ्या बारीक आहेत. जिजा कळ्या खुडायला आली, पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडली. “बाय, पानी नीट नाय दिलं तुमी. कली कशी फुगल?” ती खाडीकडची, खारटाणातली, जिथे गोडं पाणी मिळत नाही. पाण्यावरून बोलायचा हक्क तिचाच आहे असं तिला वाटतं.

संध्याकाळी ओट्यावर गजरे ओवत बसले होते. खुशी शेजारी, हात सारखा मानेवर, पोटऱ्यांवर. मला आमचं कॉन्व्हेंट आठवलं. प्रार्थनेच्या वेळी हात मागे बांधून उभं राहायचं. नाकावर डास बसला तरी हलायचं नाही. सिस्टर बेनेडिक्टा रांगेतून फिरायच्या, त्यांच्या झग्याला खळीचा वास यायचा. त्या म्हणायच्या, देहाला आपण सांगायचं, देहानं आपल्याला नाही. महिनाभर जी मुलगी अशी उभी राहील तिच्या फ्रॉकला निळी रिबीन. वाडीवाल्यांची मी त्या वर्गातली एकटी मुलगी. अनवाणी वाडीत राबणाऱ्या बापाची. पण रिबीन माझ्याच फ्रॉकला जास्त वेळा लागली. आई ती धुऊन, पेटीखाली दाबून इस्त्री करायची.

खुशीला हा खेळ शिकवला. सिस्टर येतायत, हात मागे. मी दहा म्हणेपर्यंत ती हलली नाही. मी हातातला गजरा तिच्या केसांत माळला. ती आरशासमोर जाऊन कितीतरी वेळ उभी राहिली.

आजचा आकडा तीन. पण छान तीन.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपवासाचं केलं.

आता नियम ठरवून टाकलाय. सकाळी उठल्यावर रात्र शांत गेली असेल तर गजरा. नाही तर नाही, रागवायचं मात्र नाही. मी तिच्याच खोलीत झोपते. माझी ब्लडप्रेशरची गोळी घेतल्यावर मला झोप गाढ लागते, पण खुशी चुळबुळली की जाग येतेच. गेले तीन दिवस जाग आली नाही.

दोन.

६ मार्च

काल राखेचा बुधवार होता. शेजारच्या विनीची मुलगी प्रिन्सी कपाळाला राख लावून आली. सात वर्षांची आहे, पण बोलते विनीच्या वरताण. म्हणाली, “आजी, आपुन उपवासकाळात कायतरी सोडायचं असतं. मी चॉकलेट सोडलं. डॅडीनं बिअर सोडली, पण शनिवारी घेणार.”

खुशीनं विचारलं, सोडतात म्हणजे काय करतात. प्रिन्सी म्हणाली, “पायजे असतं तरी नाय घ्यायचं. आनि तोंड वाकडं नाय करायचं. तोंड वाकडं केलं तर देव मोजत नाय.”

आज सकाळी खुशी मला म्हणते, “आजी, मी खाज सोडली.”

मी हसून हसून बेजार. नेत्राला फोन करून सांगितलं, अनुजला मेसेज केला. हे म्हणाले, “डॉक्टरीणबाईंना पण कळव, औषधाचा खर्च वाचेल त्यांचा.”

१५ मार्च

होळीची पुरणपोळी अजून उरलीय. खुशी आता स्वतःची अंघोळ स्वतः करते. दार लावून घेते, आतून गाणं म्हणते. मला येऊ देत नाही. “मी मोठी झाले.” परसातल्या घोसाळ्याची वाळलेली जाळी मागून घेतली, अंग घासायला. तासभर लागतो तिला. लागू दे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला स्वच्छतेचेही गुण असत.

उन्हाळा चढला तरी पूर्ण बाह्यांचाच फ्रॉक हवा असतो तिला. आवड असते एकेकाची.

आकडा एक. गेल्या आठवड्यात बहुतेक एकच.

२३ मार्च

रविवार. नेत्रानं कपडे धुवायला काढले, तेव्हा खुशीच्या उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरला. “आई, हे रक्त कसलं?”

मी म्हटलं, पेरूच्या झाडावर चढल्या होत्या ती आणि प्रिन्सी, खरचटलं असेल.

“उशीला?”

मी म्हटलं, खपली निघाली असेल झोपेत. तिनं अभ्रा थंड पाण्यात भिजवून ठेवला. नेत्रा शंकेखोर आहे. बँकेत नोटा तपासून तपासून तसं होत असेल. एवढा फरक पडलाय तर माणसानं आनंद मानावा.

दुपारी हे म्हणाले, “पोरगी माडाला पाठ घासत उभी असते. म्हशीवानी.” मी म्हटलं, मुलं खेळतात. यांनाही काहीतरी बोलायला हवंच.

३० मार्च

गुढी उभारली. खुशीनं गुढीसमोर हात मागे बांधून, न हलता, सगळी आरती होईपर्यंत उभं राहून दाखवलं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत एवढं शिस्तीचं मूल दुसरं नाही. माझी नणंद म्हणाली, “प्रेमला, तुझ्या हातात जादू आहे.”

खुशीची नखंसुद्धा किती सुंदर दिसतात आता. चकचकीत, पॉलिश लावल्यासारखी.

शून्य. पहिल्यांदा शून्य. हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवताना खुशी मांडीवरच होती. तिनंच माझं बोट धरून टेकवलं म्हटलं तरी चालेल.

११ एप्रिल

शून्य, शून्य, एक, शून्य.

मी रात्री नीट झोपते. जेवते. देवघरात कमी वेळ बसते, हे माझ्या आता लक्षात आलं. पिशवीचा विचार मनात येत नाही. तो यायचा हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाच वर्षांची मुलगी, शाळेत जाणार, समुद्रावर जाणार, पोटाला पिशवी. लग्नाचं तर सोडाच.

२१ एप्रिल

काल ईस्टर. विनीनं अंडी आणि मार्झिपान पाठवलं. प्रिन्सीनं सकाळी चर्चमधून आल्याबरोबर सोडलेलं सगळं चॉकलेट एका बैठकीत खाल्लं आणि दुपारी ओकली.

खुशीनं मला विचारलं, “आजी, सोडलेलं परत कधी घ्यायचं असतं?”

मी म्हटलं, वेडे, खाज कशाला परत घेतेस? गेली तर गेली.

ती अंगणात गेली, प्रिन्सीला हाक मारून पंपाच्या खोलीकडे घेऊन गेली. दोघींचं तिकडे काहीतरी घर-घर खेळणं चालू असतं.

२८ एप्रिल

आज हॉस्पिटल. विनीच्या नवऱ्यानं गाडी दिली. नेत्रानं रजा घेतली होती.

डॉ. रीमांनी आकड्यांचा आलेख दाखवला. डोंगरावरून घसरगुंडी यावी तशी रेघ. मला म्हणाल्या, तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत, आजी. मग खुशीला जवळ घेऊन विचारलं, “खाज येते का गं?”

खुशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात मागे घेतले आणि म्हणाली, “झीरो.”

किती नीट उत्तर दिलं. एका शब्दात.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिचे हात पुढे घेतले, नखं उजेडात धरून पाहिली. बाह्या वर केल्या. पाठ पाहिली. पाठीवर जुन्यानव्या खपल्या होत्या, मलाही त्या इतक्या आहेत हे ठाऊक नव्हतं, अंघोळ तीच करते ना. मी झाडांचं, पेरूचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “ही नखं घासून घासून अशी होतात. जुनं असेल. रक्ताचे रिपोर्ट मलाही दाखवत नाहीत, नियमच आहे. माझ्याकडे तुमच्या आकड्याशिवाय दुसरं काही नाही.”

आकड्यांप्रमाणे खुशीची खाज कमी झालेली आहे. तेव्हा जे चालू आहे तेच चालू राहील, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

येताना गाडीत खुशी नेत्राच्या मांडीवर. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असं लिहिते आहे, पण नखांचं डोक्यातून जात नाही.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, नेत्रा घरी. दिवसभर खुशीच्या मागे मागे होती. खुशी तिच्यापुढेही हात मागे बांधून.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणाली, “आई, ती माझ्यासमोरही खाजवत नाही. मी तिची आई आहे.”

मी म्हटलं, खाजच नाही तर खाजवेल कशाला?

“मग खपल्या ताज्या कशा?”

मी म्हटलं, नेत्रा, तुला मुलगी बरी व्हायला नको आहे का?

हे बोलायला नको होतं. तिनं गॅस बंद केला आणि बाहेर गेली. पोळ्या मी लाटल्या.

४ मे

जेवायला हाका मारून दोघी येईनात, म्हणून पंपाच्या खोलीमागे गेले. खुशी भिंतीला गाल टेकवून उभी, फ्रॉक मानेपर्यंत वर. प्रिन्सी तिच्या पाठीवर नारळाच्या खरखरीत सोडणानं खसाखसा घासत होती. दोघीही काही बोलत नव्हत्या. रोजचं काम करावं तसं चाललं होतं. खुशीचे डोळे मिटलेले आणि तोंडावर असं सुख, जे मी गजरा माळताना कधी पाहिलं नाही.

प्रिन्सीनं मला पाहिलं. “खुशी, आजी.”

खुशीनं फ्रॉक खाली ओढला, वळली, हात मागे. “झीरो,” म्हणाली.

प्रिन्सीच बोलायला लागली. “आजी, मी नखं नाय लावली हां. नखं नाय लावायची तुमी बोल्ल्या होत्या.”

“कधीपासून चाललंय हे?”

“पयले ती एकटीच माडाला करायची. पन माड वरती पोचत नाय. मग मी करते. अर्धा गजरा मला.”

“मला का नाही सांगितलंत?”

प्रिन्सीनं खुशीकडे पाहिलं. खुशी जमिनीकडे बघत म्हणाली, “चार आला की तू रडतेस. आणि मग पोटाला पिशवी लावतात.”

त्या दिवशी हॉस्पिटलात ती फोनवरचे चेहरे बघत होती, असं मी लिहिलंय.

मी तिथेच पायरीवर बसले. तिला म्हटलं, ये, मी घासते. तिनं मान हलवली. नको. प्रिन्सीकडे बोट दाखवलं.

५ मे

अजून नेत्राला सांगितलेलं नाही.

सांगितलं तर ती हॉस्पिटलला कळवणार. हॉस्पिटलला कळलं तर खोटे आकडे दिले म्हणून खुशीला काढून टाकतील. काढलं की ऑपरेशन. नाही सांगितलं तर फेब्रुवारीपर्यंत हीच पूड. ती रिकामी आहे हे मला आता कुणी सांगायला नको.

यांना सांगितलं. हे केळीची वाळकी पानं काढत होते. या वेळी थट्टा केली नाही. म्हणाले, “केळीवर करपा आलेला आपण झाकून ठेवला, तर फवारणारा कुठे फवारणार? मरते ती केळ, आपण नाही.”

मी म्हटलं, मी झाकलं नाही. मला दिसलंच नाही.

“तेच बोललो.”

६ मे

नेत्राला सांगितलं. बँकेतून आली, पर्स अजून खांद्याला होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “मला वाटतच होतं. पण वाटायचं, असू दे, आईंना दिसतंय ना बरं, तर असेल. मी पण बघितलं नाही नीट. मलाही ते शून्य हवंच होतं.”

मग हात पुढे केला. “फोन माझ्याकडे द्या.”

दिला.

७ मे

सलोनीशी मीच बोलले. नेत्रा म्हणाली होती मी करते, पण मी म्हटलं नको. सलोनी वयानं अनुजपेक्षा लहान. मी गजऱ्याचं, खेळाचं, सगळं सांगितलं. मध्येच तिनं विचारलं, “आजी, तुम्ही बक्षीस देत होतात?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती टाइप करत होती, तो आवाज येत होता.

आधीचे आकडे बदलता येत नाहीत. ते तसेच राहतील, माझ्या नावावर. पुढचं समिती ठरवेल.

१३ मे

समितीनं काढून टाकलं नाही. पण लगेच खरं औषधही देणार नाहीत. नेत्रानं पुढचा महिनाभर नव्यानं आकडे भरायचे, तोवर तीच पूड. मग ठरवतील. म्हणजे माझ्यामुळे अजून एक महिना.

नेत्रानं बिनपगारी रजा टाकली. गजरा बंद. जिजाला कळ्या सगळ्या बाजारात द्यायला सांगितलं.

१७ मे

आता पंचाईत अशी की खुशी खाजवतच नाही. आमच्यासमोर नाही. नेत्रा म्हणते, खाजव गं राणी, चालतं. ती हात मागे बांधते. प्रिन्सीला विनीनं चांगलं झापलंय, तीही यायची बंद झाली. म्हणजे पोरीला ते सोडणही नाही. संध्याकाळी नेत्रानं फोन उघडला आणि तशीच बसून राहिली. न पाहिलेलं भरायचं नाही, हा तिचा नियम.

मी खुशीला हे शिकवायला किती दिवस घेतले? एक संध्याकाळ. आणि मला रिबीन लागली त्याला पंचावन्न वर्षं होऊन गेली, तरी अजून चर्चसमोरून जाताना पाठ आपोआप ताठ होते. सिस्टर बेनेडिक्टांचा मला राग येत नाही. त्यांच्या वर्गात डासच होते.

१९ मे

आज ओट्यावर बसून मी खाजवलं. डास होतेच. आधी दंड, मग पाय. मग अंबाडा सोडून डोकं, दहाही बोटांनी. मोठ्यानं हा हा करत. आयुष्यात चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

हे बाहेर आले. “अगं बाई, कॉन्व्हेंटची माकडीण.”

“तुम्ही पण बसा.”

“मला कुठे खाज आहे?”

“आठवा, येईल.”

हे बसले. बनियन वर करून खांबाला पाठ घासायला लागले, म्हशीवानी. खुशी दारात उभी. आधी हसली नाही. मग हसली. मग हळूच येऊन आमच्यामध्ये बसली, आणि एक हात मागून पुढे आला. पोटरीवर. माझ्याकडे बघत बघत. मी तिच्याकडे पाहिलं नाही, माझं डोकं खाजवत राहिले. मग दुसरा हात.

तिनं इतकं खाजवलं की रक्त आलं. नेत्रा आतल्या खिडकीतून बघत होती. मला उठून तिचे हात धरायचे होते. धरले नाहीत.

नेत्रानं चार भरला.

२ जून

चार. चार. चार. या घरात चार आल्यावर कुणी रडत नाही असं आम्ही ठरवलंय. मी आता देवघरात सकाळीच जाऊन येते.

प्रिन्सी परत यायला लागली. विनीची समजूत नेत्रानं काढली.

१४ जून

समितीचं पत्र आलं. खरं औषध. सलोनीनं सांगितलं, या पुड्यांत रिकामी एकही नाही.

१७ जून

दोन दिवस खुशीला जुलाब होताहेत. विनीकडे फणस खाल्ला असणार. मी ताकभात दिला, सुंठ उगाळून दिली नाही, कारण औषधाबरोबर बाकी काही द्यायचं नाही. मी काळजीत, आणि नेत्रा सलोनीला फोनवर सांगताना चक्क हसत होती. या मुलीचं मला कधी कधी कळत नाही.

२४ जून

जुलाब थांबले. आकडा तीन, आज दोन. नेत्रानं दोन भरला आणि पुसता येतो का बघत होती. तिचा विश्वास बसत नाही. माझाही बसत नाही. शून्याकडे आम्ही एकदा गेलो आहोत, तो रस्ता ओळखीचा आहे.

खुशीला कुणी विचारायचं नाही, कौतुक करायचं नाही, असं ठरलंय. यांना सांगावं लागलं नाही, ते कुणाचंच करत नाहीत.

२९ जून

रविवार. दुपारभर दोघी अंगणात पत्र्याच्या डब्यात गोगलगायी गोळा करत होत्या. एक गोगलगाय कुणाची यावरून भांडण झालं. खुशीनं प्रिन्सीच्या झिंज्या ओढल्या, प्रिन्सी बोंबलत घरी गेली, परत आली. मी ओट्यावर वाल सोलत होते. मध्ये एकदा खुशीनं मान खाजवली. एकदा की दोनदा, मी मोजलं नाही. मोजणं आता माझं काम नाही.

संध्याकाळी नेत्रा फोन घेऊन बाहेर आली. ती आतमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं निम्मी दुपार पाहिली नव्हती. “आई, तुम्ही होतात ना इथे. आज किती वाटतं?”

मी म्हटलं, मला विचारू नकोस.

“अंदाजानं?”

“मला नको विचारू, नेत्रा. तिला विचार.”

नेत्रा पायरी उतरून खुशीजवळ गेली. मी मान खाली घालून वाल सोलत राहिले. माझं तोंड तिला दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. बरं दिसायला नको आणि वाईटही दिसायला नको.

“खुशी, आज खाज आली होती का गं?”

“आली होती.”

“किती?”

“अगं मम्मी, थांब ना, ती डब्यातून बाहेर पडतेय.” मग थोड्या वेळानं, डब्यात डोकं घालूनच, “आली होती. मग मी विसरले.”

नेत्रानं तिथेच उभ्या उभ्या फोन उघडला. एक आकड्याच्या चेहऱ्याशी बोट नेलं, मग दोनच्या. शेवटी तिनं कुठलातरी दाबला. कुठला, ते मी विचारलं नाही.